नेदरलँड्सच्या खेड्यात घर घेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही सहा वर्षं आम्स्टरडॅमजवळच्या आम्स्टेलवेनला भाड्याने राहिलो आणि मग पूर्वेकडे, आख्टरहूक भागातल्या एका छोट्या गावात घर घेतलं. तेव्हापासून मंडळाच्या कार्यक्रमात, फोनवर, मुलांच्या वाढदिवसाला मला तेच तेच प्रश्न विचारले जातात. ते सगळे इथे एकत्र करून उत्तरं लिहिली आहेत. आकडे २०२६ चे आहेत. दर जानेवारीत ते बदलतात, तेव्हा सही करण्याआधी एकदा ताजे पाहून घ्या.

खेड्यात घ्यायचं ठरवलंय. पण कुठल्या?

नकाशावर देश एवढासा दिसतो, पण खेड्याखेड्यात फार फरक आहे. त्यात सगळ्यात मोठा फरक पायाखालच्या मातीचा.

आख्टरहूक म्हणजे गेल्डरलँड प्रांताचा पूर्व भाग : विंटर्सवाइक, व्होर्डेन, रुर्लो, झेल्हेम ही गावं. जमीन बहुतेक वाळूची. झाडांच्या रांगांनी वेगळी केलेली छोटी छोटी शेतं, मध्येच ओढा. झ्युटफेन आणि आर्नेम या दोन्हीकडून विंटर्सवाइकपर्यंत रेल्वे जाते. इथल्याच ब्रोंकहोर्स्टला १४८२ साली शहराचा दर्जा मिळाला होता. आज ते चालत पाच मिनिटांत संपतं.

ड्रेन्थही वाळूचाच. तिथे गावाच्या मधोमध ओक वृक्षांचं मोकळं मैदान असतं, त्याला ब्रिंक म्हणतात. देशातल्या ५४ महापाषाण थडग्यांपैकी ५२ याच प्रांतात आहेत. नॉर्डओस्टपोल्डर ही पाणी हटवून मिळवलेली जमीन, १९४२ मध्ये कोरडी झाली. एमेलोर्ड शहर आणि भोवती दहा गावं, सगळं कागदावर आखून वसवलेलं. तिथे घरं प्रशस्त आहेत आणि वारा भरपूर. फ्रीसलँडमध्ये जाणार असाल तर फ्रिशियन कानावर पडायची तयारी ठेवा. ती तिथली अधिकृत भाषा आहे आणि मुलं शाळेत शिकतात.

दोन ठिकाणी जास्त काळजी घ्या. पश्चिमेकडच्या दलदलीच्या कुरणांतली जुनी घरं लाकडी खुंटांवर किंवा थेट मऊ जमिनीवर उभी आहेत. भूजल खाली गेलं की खुंट कुजतात, आणि पाया दुरुस्त करायचा खर्च लाखभर युरोपर्यंत जाऊ शकतो. दुसरं ठिकाण उत्तरेकडचं ग्रोनिंगेन. तिथल्या गॅस उपशामुळे २०१२ मध्ये हाउझिंगे गावाजवळ ३.६ तीव्रतेचा धक्का बसला. ऑक्टोबर २०२३ मध्ये उपसा थांबला, पण जमीन अजून अधूनमधून हलते. तिथलं घर आवडलं तर नुकसानभरपाईची आणि मजबुतीकरणाची त्या पत्त्याची सगळी कागदपत्रं मागा. विकणाऱ्याने भरपाई घेतली असेल आणि भिंत दुरुस्त केली नसेल, तर त्याच तड्यासाठी तुम्हाला पुन्हा पैसे मिळत नाहीत.

आपल्याकडे भारतीय पासपोर्ट आहे. घर घेता येतं का?

येतं. परदेशी माणसाला इथे घर घ्यायला बंदी नाही. मात्र घर घेतलं म्हणून राहण्याचा परवाना मिळत नाही, दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत.

फुंडा या घरविक्रीच्या वेबसाइटवर एक देखणं घर दिसतंय, झाडीत, आणि किंमत निम्मी. यात काही भानगड असेल का?

बहुतेक असते. शोधायला लागल्यावर पहिल्या दोन महिन्यांत आम्ही अशी तीन घरं पाहिली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिला प्रकार सुट्टीच्या घराचा. जंगलाच्या कडेला, आत गालिचापासून ओव्हनपर्यंत सगळं. पण जागेचा वापर ‘सहलीसाठी’ असा नोंदलेला असतो आणि तिथे कायम राहायला परवानगी नसते. “इथे सगळेच राहतात, कोणी काही म्हणत नाही” असं तुम्हाला ऐकवलं जाईल. खेमेंतेने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, मनावर घेतलं तर घर सोडण्याची नोटीस येते आणि रोजचा दंड सुरू होतो. कर्ज देणारेही अशा घरापासून लांब राहतात.

दुसरा प्रकार फसवा आहे : जुनं शेतघर, बाजूला गोठे चालू, आणि कागदावर ‘व्यवसायाचं घर’. म्हणजे त्या शेतीधंद्यात काम करणाऱ्यानेच तिथे राहायचं. शेतकरी निवृत्त झाला, गोठा एकाला आणि घर दुसऱ्याला विकलं, की ही अडचण उभी राहते. २०१३ पासून अशा घराला ‘ग्रामीण निवास’ असा दर्जा देता येतो आणि मग बाहेरच्या माणसाला तिथे कायदेशीरपणे राहता येतं. पण तो दर्जा त्या पत्त्याला खरंच मिळालेला असला पाहिजे. आणि मिळाला असला तरी शेजारच्या त्याच गोठ्याच्या वासाविरुद्ध किंवा आवाजाविरुद्ध तुम्हाला फारसं संरक्षण नसतं.

तिसरा प्रकार म्हणजे जमीन भाडेपट्ट्याची. घर तुमचं, जमीन इस्टेटीची किंवा एखाद्या संस्थेची. ते वाईटच असं नाही, पण पट्टा किती वर्षांचा आहे आणि भाडं कधी, कोणत्या हिशेबाने वाढतं ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आपल्याकडे जमीन एनए आहे का हे पाहिल्याशिवाय कोणी प्लॉट घेत नाही. इथेही तसंच करायचं. जानेवारी २०२४ पासून नवा पर्यावरण व बांधकाम कायदा लागू आहे. सरकारच्या ‘ओमखेव्हिंग्सलोकेट’ नावाच्या पोर्टलवर पत्ता टाकला की त्या तुकड्यावर काय चालतं ते वाचता येतं. भाषा किचकट आहे. आम्ही सरळ खेमेंतेला ईमेल लिहिली : “या पत्त्यावर शेतकरी नसलेल्या कुटुंबाला कायम राहता येईल का?” उत्तर लेखी आलं. ते आजही फाइलमध्ये आहे.

इथला सातबारा कुठे बघायचा?

काडास्टरकडे. १८३२ पासून चालू असलेलं हे देशाचं भूमी अभिलेख कार्यालय. थोड्या युरोंत मालकीचा उतारा, नकाशा आणि मागचं खरेदीखत ऑनलाइन मिळतं. यातलं खरेदीखत नक्की घ्या, कारण वहिवाटीचे हक्क त्यात असतात. जुन्या वाड्यावस्त्यांवर मागच्या शेतकऱ्याला तुमच्या अंगणातून ट्रॅक्टर न्यायचा हक्क शंभर वर्षांपूर्वी लिहून दिलेला असू शकतो, आणि तो आजही लागू असतो. आमच्या खरेदीखतात बाजूच्या घराचं सांडपाणी आमच्या जमिनीखालून नेण्याचा हक्क निघाला. त्यात वाईट काही नाही. फक्त ती नळी कुठे आहे हे माहीत नसताना तिथे पेरूसाठी खड्डा खणायला घेतला असता, तर फुटली असती.

कुंपण कुठे आहे यावर विसंबू नका. नकाशावरची हद्द आणि झुडपांची रांग यांत दोन-तीन मीटरचा फरक खेड्यात सर्रास असतो. आणि एखाद्याने ती पट्टी वर्षानुवर्षं उघडपणे आपली म्हणून वापरली असेल, तर ती त्याची होऊ शकते. शंका असेल तर मोजणी आणा.

स्वतःचे किती पैसे हाताशी हवेत?

जाहिरातीत किमतीपुढे ‘का.का.’ लिहिलेलं असतं, म्हणजे वरचा खर्च खरेदीदाराचा. कर्ज जास्तीत जास्त घराच्या मूल्याच्या १०० टक्के मिळतं. ऊर्जाबचतीची कामं करणार असाल तर १०६ टक्के. वरचं सगळं तुमच्या बचतीतून.

सगळ्यात मोठा आकडा हस्तांतरण कराचा, म्हणजे आपल्या मुद्रांक शुल्काचा. स्वतः राहणार असाल तर २ टक्के. वय १८ ते ३५ च्या आत असेल, ही सवलत आधी कधी घेतलेली नसेल आणि घर ५,५५,००० युरोपर्यंतचं असेल, तर शून्य. नवरा-बायकोत एकाचं वय कमी आणि एकाचं जास्त असेल तर प्रत्येकाच्या हिश्शावर वेगळा हिशोब होतो. तुम्ही स्वतः राहणार नसाल, तर २०२६ पासून घरावर ८ टक्के.

खेड्यात इथेच एक खड्डा आहे. घराबरोबर एखादा हेक्टर कुरण मिळत असेल तर मोह होतो. पण घराची बाग न मानता शेतजमीन मानलेल्या तुकड्यावर १०.४ टक्के कर लागतो, आणि त्या जमिनीसाठी घरकर्जही सहज मिळत नाही. “घोडा ठेवू, कोंबड्या पाळू” म्हणत कागदावर बोट फिरवण्याआधी जमिनीची किंमत वेगळी काढून घ्या.

त्याशिवाय नोटारिस (खरेदीखत करून देणारा सरकारमान्य कायदेतज्ज्ञ), मूल्यांकन, कर्ज सल्लागार, घराची तपासणी, आणि घेतला तर तुमच्या बाजूचा माकेलार म्हणजे दलाल. सगळं धरून किमतीच्या ४ ते ६ टक्के बाजूला ठेवा. किमतीपेक्षा जास्त बोली लावली आणि मूल्यांकन कमी आलं, तर मधला फरक पुन्हा तुमच्याच खिशातून.

कर्ज किती मिळेल? माझा परवाना तात्पुरता आहे.

ढोबळ हिशोबाने, कर कापण्याआधीच्या वार्षिक पगाराच्या साडेचार ते पाच पट. व्याजदर, दुसऱ्याचा पगार, चालू हप्ते आणि घराचं ऊर्जा लेबल (घर किती ऊर्जा खातं याचा दर्जा) यावर ते बदलतं. लेबल चांगलं असेल तर थोडं जास्त मिळतं. नोकरीचा करार कायम नसेल तर कंपनीकडून हेतुपत्र घ्यावं लागतं : परिस्थिती बदलली नाही तर या माणसाला कायम करू, असं लिहिलेलं. कुशल कामगार परवान्यावर असणाऱ्यांना काही बँका कर्ज देतात, काही नाही म्हणतात. तेव्हा एका नकाराने खचू नका. अशा केसेस रोज करणारा सल्लागार गाठा.

घर ४,७०,००० युरोपर्यंतचं असेल तर राष्ट्रीय कर्जहमीबद्दल विचारा. एकदाच कर्जाच्या ०.४ टक्के भरायचे. व्याजदर थोडा खाली येतो, आणि नोकरी गेल्यामुळे किंवा घटस्फोटामुळे घर तोट्यात विकावं लागलं, तर अटी पूर्ण होत असल्यास उरलेलं कर्ज अंगावर राहत नाही. परदेशात आपल्यामागे उभं राहायला काका-मामा नसतात. मी तरी ही हमी घ्याच म्हणेन.

आईवडील भारतातून मदत करणार आहेत. चालेल?

चालेल, पण वेळ लागतो. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. भेट म्हणून दहा लाख रुपयांवर जी रक्कम जाईल तिच्यावर बँक २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर) कापते. तो नंतर विवरणपत्रात परत मागता येतो, पण तोवर पैसे अडकतात. तुमच्या स्वतःच्या एनआरओ खात्यातून (अनिवासी भारतीयांचं भारतातलं खातं) वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत नेता येतात. इथला भेटकर देणारा कुठे राहतो त्यावर ठरतो. भारतात राहणाऱ्या, भारतीय नागरिक असलेल्या आईवडिलांनी दिलेल्या पैशावर तो साधारणपणे लागत नाही.

मात्र बँक आणि नोटारिस दोघंही पैसा कुठून आला हे विचारणारच. बाबांनी शेत विकलं असेल तर त्याचं खरेदीखत, त्यांचं बँक खाते-विवरण आणि भेटपत्र हे सगळं इंग्रजीत किंवा अधिकृत भाषांतरासह तयार ठेवा. आमचे पैसे सांगलीहून निघून इथे पोचायला पाच आठवडे लागले, आणि त्यातले तीन कागद जमवण्यात गेले.

बोली कशी लावायची?

शहराजवळच्या खेड्यात अजूनही मागितलेल्या किमतीच्या वर जावं लागतं. लांबच्या गावात, विशेषतः दुरुस्तीचं बरंच काम असलेलं जुनं घर, कधी खालीही मिळतं. बोली बहुधा बंद पाकिटासारखी असते : ठरलेल्या दिवशी दुपारी बारापर्यंत सगळ्यांनी एकदाच आकडा द्यायचा.

आकड्याबरोबर अटीही लिहायच्या : कर्ज मिळालं नाही तर करार रद्द, तपासणीत अमुक रकमेपेक्षा जास्त दुरुस्ती निघाली तर रद्द. स्पर्धा असली की “अटी काढून टाका, मग घर तुमचं” असा सल्ला मिळतो. कर्जाची अट मी कधीही काढू देणार नाही. ती नसताना कर्ज नाकारलं गेलं, तर किमतीच्या १० टक्के दंड भरावा लागतो. चार लाखांच्या घरावर चाळीस हजार युरो! असं एक जोडपं आम्हाला माहीत आहे. दोन वर्षं ते रक्कम फेडत होते.

खेड्यात आणखी एक गोष्ट कामी येते. आम्ही बोलीबरोबर एक पान पत्र दिलं : आम्ही कोण, मुलं किती, घरातली सफरचंदाची झाडं ठेवणार, गावात राहणार. आमची बोली सर्वांत मोठी नव्हती. बाईंनी घर आम्हाला दिलं.

साठेखतावर सही केली आणि मन बदललं. आता?

खासगी खरेदीदाराला तीन दिवस विचाराला मिळतात, आणि त्या काळात कारण न देता मागे फिरता येतं. दोन्ही सह्या असलेली प्रत तुमच्या हातात पडते त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजणी सुरू होते, आणि तीनपैकी किमान दोन दिवस कामाचे असावे लागतात. गुरुवारी प्रत मिळाली तर सोमवारी रात्रीपर्यंत मुदत आहे. विकणाऱ्याला ही सवलत नाही. पण लेखी करार होण्याआधी, नुसत्या तोंडी ‘हो’वर, तोही बांधला जात नाही. म्हणून “झालं हं तुमचं” असा फोन आला तरी घरी लगेच पेढे वाटू नका.

इसार १० टक्के असतो. तो नोटारिसच्या खात्यात भरायचा किंवा बँकेची हमी द्यायची. बहुतेक जण हमी देतात.

जुन्या घरात काय काय तपासून घ्यावं?

तपासनीस लावाच. साधारण पाचशे युरो जातात. त्याच्याबरोबर स्वतः हजर राहा, अहवाल नंतर वाचून तितकं कळत नाही.

आमच्या घरी तपासनीस आला तो सरळ दारातल्या पायपुसण्यापाशी थांबला. पुसणं उचललं, खालची लाकडी झडप उघडली आणि बॅटरी घेऊन पोटावर आत सरकला. जमीन आणि तळमजला यांच्यामध्ये इथे गुडघाभर उंचीची पोकळी असते. पाच मिनिटं नुसता सरपटल्याचा आवाज. बाहेर आला तेव्हा त्याच्या कोपरांना ओली वाळू होती, आणि हातात तुळईतून निघालेला चिमूटभर भुसा. त्याने तो माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, “ताजा आहे. भुंगा अजून आत आहे.” एका खोलीखालच्या चार तुळया बदलाव्या लागणार होत्या. आम्ही विकणाऱ्या बाईंशी बोललो आणि किंमत सहा हजारांनी उतरली. पायपुसण्याखाली झडप असते हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

खेड्यातल्या घरात याशिवाय हे पाहा. गोठ्यावर किंवा शेडवर करड्या लाटांचे पत्रे असतील आणि बांधकाम १९९४ च्या आधीचं असेल, तर ते अॅस्बेस्टॉसचं धरून चाला. आधी खेमेंतेला कळवून, स्क्रूने बसवलेले ३५ चौरस मीटरपर्यंतचे पत्रे स्वतः काढता येतात. त्याहून जास्त असतील तर प्रमाणित कंपनी, आणि खर्च हजारोंत. गवताचं छप्पर दिसायला फार सुंदर. पण विम्याचा हप्ता आधी काढून बघा, आणि छप्पर किती वर्षांचं आहे ते विचारा. पंचवीस-तीस वर्षांनंतर मोठा खर्च समोर येतो. गावापासून दूरच्या घरांना साधी गटार नसते. एक तर पंपाने सांडपाणी ढकलणारी वाहिनी असते, नाही तर स्वतःची शुद्धीकरण टाकी. टाकी असेल तर शेवटचा उपसा कधी झाला ते विचारा. गॅसची वाहिनी नसेल तर अंगणात प्रोपेनची टाकी दिसेल. ती मालकीची आहे की भाड्याची?

सौर पॅनल असतील तर हिशोब नव्या नियमाने करा. जादा वीज ग्रिडला देऊन वर्षाच्या वापरातून वजा करायची सोय १ जानेवारी २०२७ ला संपते. आणि पोकळ भिंतीत इन्सुलेशन भरायचा विचार असेल तर आधी वटवाघळांची चौकशी करा. ती संरक्षित आहेत, भिंतीत राहत असतील तर काम थांबतं.

करारात ‘जुन्या घराचं कलम’ असेल तर त्याचा अर्थ असा की घर जुनं आहे, नव्या घरासारख्या अपेक्षा ठेवू नका आणि नंतर तक्रार घेऊन येऊ नका. विकणारा स्वतः कधी तिथे राहिलाच नसेल, समजा वारसाने मिळालेलं घर असेल, तर तेही वेगळ्या कलमात लिहितात. ही दोन्ही कलमं एकत्र दिसली तर तपासणी दुप्पट लक्ष देऊन करा.

शेणाचा वास किती येतो?

येतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून कुरणांत पातळ शेणखत सोडायला परवानगी आहे, आणि पहिल्या आठवड्यात तो कपड्यांनाही लागतो. दोन-तीन दिवसांत ओसरतो. मला त्याचा त्रास होत नाही, माहेरी परड्यातच उकिरडा होता.

वर्षभर येणारा डुकरांच्या किंवा कोंबड्यांच्या मोठ्या शेडचा वास मात्र वेगळा. घर एकदा दुपारी पाहून ठरवू नका. पश्चिमेचा वारा असताना जा, सकाळी सहाला जा, रविवारी जा. शेजारच्या शेडने वाढीव परवाना मागितला आहे का ते खेमेंतेच्या जाहीर सूचनांत पाहा.

फवारणीचाही विचार करा, विशेषतः घरात लहान मूल असेल तर. लिलीसारख्या कंदफुलांच्या शेतात औषध फार वापरलं जातं. ड्रेन्थमध्ये २०२३ मध्ये रहिवाशांनी यावरून कोर्टात दाद मागितली आणि न्यायाधीशाने त्या शेतातली फवारणी थांबवली. आज कुरण असलेली जमीन पुढच्या वर्षी भाड्याने लिलीला जाऊ शकते.

आमच्या हद्दीत एक चर आहे. त्याचं काय करायचं?

साफ ठेवायचा! ही जबाबदारी जाहिरातीत कुठेच लिहिलेली नसते. देशात २१ जलमंडळं आहेत आणि पाण्याचा निचरा त्यांच्या हातात आहे. आमच्या भागाचं मंडळ ऱ्हाइन-आयसेल, कचेरी डोटिंखेममध्ये. चर त्यांच्या यादीत असेल तर शरद ऋतूत तपासणी होते. तोपर्यंत गवत, काटक्या, चिखल काढून पाणी वाहतं करायचं. केलं नाही तर नोटीस येते आणि शेवटी तेच काम करून घेऊन बिल तुमच्या नावावर. कोणता चर कोणाचा, ते मंडळाच्या नोंदवहीत पत्ता घालून बघता येतं.

दरवर्षी काय काय भरावं लागतं?

घरपट्टी, गटार आणि कचऱ्याचा आकार खेमेंतेला. जलमंडळाचा कर वेगळा. घरपट्टी सरकारने ठरवलेल्या घराच्या मूल्यावर लागते. ते जास्त वाटलं तर सहा आठवड्यांत हरकत घ्या, फी लागत नाही. दुसरीकडे, स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जाचं व्याज आयकरातून वजा होतं, जास्तीत जास्त साडेसदतीस टक्क्यांच्या आसपासच्या दराने. त्यासाठी कर्ज तीस वर्षांत पूर्ण फिटेल असं असावं लागतं.

शाळा, डॉक्टर, बस?

शाळा चौथ्या वर्षापासून, सक्ती पाचव्यापासून. छोट्या गावातली शाळा गोड असते, दोन-दोन इयत्ता एकाच वर्गात. पटसंख्या किती आहे आणि दरवर्षी घटते आहे का, हे मुख्याध्यापकांना सरळ विचारा. शाळा बंद झाली तर पुढचं गाव सायकलने सहा किलोमीटर असू शकतं.

डॉक्टरांकडे बोली लावण्याआधी फोन करा, कारण काही ठिकाणी नवे रुग्ण घेत नाहीत. बसच्या जागी बऱ्याच गावांत स्वयंसेवकांनी चालवलेली आठ जणांची छोटी ‘शेजारबस’ असते. एक गाडी पुरेल असं समजून आम्ही आलो होतो. आठ महिन्यांत दुसरी घेतली.

फोडणीचा वास शेजाऱ्यांना जाईल का?

शेजारी चाळीस मीटरवर असेल तर नाही. घरातच राहतो, हा खरा प्रश्न. स्वयंपाकघर दिवाणखान्यात उघडं असतं आणि बरेच पंखे हवा गाळून आतच सोडतात. धूर भिंतीबाहेर टाकणारा आहे का ते घर पाहतानाच बघा.

नोटारिसकडे काय होतं? डच येत नसेल तर?

नोटारिस दोन्ही बाजूंना समान असतो, पण तो निवडायचा हक्क बहुधा खर्च करणाऱ्याचा, म्हणजे तुमचा. खरेदीखत तुम्हाला समजलं पाहिजे, ही त्याची जबाबदारी आहे. डच पुरेसं येत नसेल तर दुभाषा आणि भाषांतर लागतं, त्याचे पैसे वेगळे. लग्नाबद्दल विचारणा होते, तेव्हा भारतातलं विवाह प्रमाणपत्र अपोस्टीलसह (परदेशात ग्राह्य धरला जाणारा सरकारी शिक्का) आधीच काढून ठेवा. त्याच दिवशी सकाळी घराची शेवटची पाहणी असते : नळ सोडा, हीटर लावा, मीटरचे आकडे लिहून घ्या. मग सही, आणि किल्ल्या.

गावात राहायला मात्र डच हवंच. शहरात इंग्रजीवर दहा वर्षं निघतात, खेड्यात दुसऱ्या महिन्यात अडायला होतं. चुकत माकत बोललेलं लोकांना आवडतं, ते थांबून ऐकतात.

बाहेरची माणसं म्हणून गाव सामावून घेईल का?

हा प्रश्न सगळ्यात शेवटी आणि आवाज खाली करून विचारला जातो. माझा अनुभव सांगते.

पूर्वेकडच्या भागात ‘नोबरस्खाप’ नावाची जुनी रीत आहे. आपल्याकडे त्याला अगदी जवळचा शब्द शेजारधर्म. ठरावीक घरं एकमेकांची ‘नोबर’ असतात. बाळ झालं की दारात सजावट करतात. कोणी गेलं की पूर्वी ती बातमी घरोघर पोचवायला आणि तिरडीला खांदा द्यायला हीच घरं पुढे व्हायची, आणि अजूनही बऱ्याच ठिकाणी होतात. नव्याने आलेल्याने शेजाऱ्यांना घरी बोलावून ‘शेजार जोडायचा’ असतो, त्याला बुर्टमाकन म्हणतात. हे बोलावणं आपण करायचं असतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्ही वाट बघत राहिलो कोणी येईल म्हणून, आणि ते वाट बघत राहिले आम्ही बोलावू म्हणून. सात आठवडे असेच गेले.

शेवटी समोरच्या आजी बागेच्या फाटकापाशी आल्या. ऐंशीच्या पुढचं वय, पायात लाकडी खडावा. म्हणाल्या, “तुम्ही बोलावणार आहात ना? म्हणजे मी केक केव्हा करू ते कळेल.” पुढच्या शनिवारी अकरा घरं आली. मी बटाटेवडे आणि पोहे केले, बिअर त्यांनीच आणली. कोणाचा मुलगा कुठे आहे, कोणाकडे शिडी मिळेल, वीज गेली तर कोणाला फोन करायचा, हे सगळं त्या एका संध्याकाळी कळलं. पुढच्या ३१ डिसेंबरला दुधाच्या कॅनमध्ये कार्बाइड घालून बार उडवायला आमच्या मुलाला त्यांनी सोबत नेलं. कानाला लावायचं झाकणही दिलं.

सगळे आवडीने येतात असं नाही. एका घराने वर्षभर फक्त मान हलवली. मग एका पावसात त्यांची गाय आमच्या बागेत शिरली, आणि ती बाहेर काढताना बोलणं सुरू झालं.

म्हणून बोली लावण्याआधी दोन्ही बाजूंच्या घरांची बेल वाजवा. “आम्ही हे घर बघतोय, इथे कसं आहे?” एवढं विचारा. बहुतेक जण कॉफीला आत बोलावतात. तळघरात पाणी येतं का, मागच्या शेतात कोण काय पेरतो, रस्त्याकडेच्या झाडाचा वाद कुठपर्यंत आला आहे, हे माकेलारला माहीत नसलेलं सगळं त्या पंधरा मिनिटांत कळतं.

पहिल्यांदा शेजाऱ्यांकडे जाताना काय न्यावं?

घरी केलेलं काहीही. कमी तिखट. आमच्याकडून रव्याचे लाडू गेले. डबा परत आला तेव्हा त्यात अर्धा किलो स्ट्रॉबेरी होत्या.